आमच्या घराला जिना नाही

हे वाचणारा कुणी आत्ता दवाखान्याच्या बाकावर बसला असेल, घरातलं माणूस आत असेल आणि अपघात गाडीचा असेल, तर त्याने आधी उठून केसपेपर मागून घ्यावा. 'इजा कशी झाली' याच्यापुढे काय लिहिलं आहे ते वाचावं. माझी हकिगत नंतर वाचली तरी चालेल.

माझ्या केसपेपरवर त्या जागी लिहिलं आहे, 'घरी जिन्यावरून पडून'. आमचं घर वडवणीत आहे. तीन खोल्या, वर पत्रे. घराला जिना नाही.

मी वजनकाटे दुरुस्त करतो. सव्वीस वर्षं झाली. किराणा दुकानातला छोटा काटा असो की आडतीवरचा मोठा, त्याच्यापुढे उकिडवं बसायचं, पन्नास किलोपर्यंतची प्रमाणित वजनं चढवायची, उतरवायची, फरक काढायचा. पाच ग्रॅमचा फरक असेल तर पाच ग्रॅम म्हणायचं. दुकानदार म्हणतात, "चालतंय की हो, जाऊ द्या." मी जाऊ दिलं नाही. एकदाच दिलं, ते स्वतःच्या पायाच्या बाबतीत.

धोंड्याचं जेवण

गेल्या अधिक महिन्यातली गोष्ट. वर्षा आमची एकुलती मुलगी. घाटनांदूरजवळ दिली आहे. लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि जावयांचा पहिलाच धोंड्याचा महिना होता. सुमनने, म्हणजे माझ्या पत्नीने, चार दिवस आधीपासून तांदूळ भिजत घातले होते. तेहतीस अनारसे मोजून ताटात ठेवले, मीच मोजले. महेशरावांना पाटावर बसवलं, पाय धुतले, नवा शर्ट दिला, पुरणाचं जेवण झालं. त्यांनी नुकतीच जुन्या बाजारातून गाडी घेतली होती. म्हणाले, "मामा, आज लिंबागणेशला दर्शनाला जाऊन येऊ. गाडीला बी देव दाखवायचाय."

मी मागे बसणार होतो. तेच म्हणाले, "पुढं बसा. मागं तुमचे गुडघे दुमडत्याल."

दर्शन झालं. परतीला ऊन होतं, पोटात पुरण होतं. लिंबागणेश सोडल्यापासून महेशरावांनी चार जांभया दिल्या. मला मोजायची सवयच आहे. चौथीला मी म्हणालो, "कुठं चहा घ्यायचा का?"

"घरीच घेऊ की मामा. मामीच्या हातचा."

दुसरा कुणी गाडी चालवत असता तर मी पहिल्या जांभईला थांबवायला लावली असती. पण पाय धुऊन, ओवाळून जेवू घातलेल्या जावयाला 'तुम्हाला झोप येते आहे' असं सासऱ्याने म्हणायची आमच्याकडे रीत नाही. पुढे ओढ्यावरचा पूल आला. गाडी सरळ गेली, रस्ता गेला नाही.

काचेचा जिना

मागे सुमन आणि वर्षा होत्या, त्यांना फारसं लागलं नाही. महेशरावांच्या कपाळावर खोक पडली. कठड्याचा दगड माझ्या बाजूने आत आला होता. उजवा पाय गुडघ्याखाली भलत्याच दिशेला होता. दुखत नव्हतं, ते नंतर सुरू झालं.

रस्त्यावरची माणसं जमली. एक जण म्हणाला, "पोलिसाला फोन लावा." मीच म्हणालो, "नको. घरचीच गाडी हाय, घरचीच माणसं हाईत." एका टेम्पोवाल्याने आम्हाला बीडच्या एका खासगी दवाखान्यात पोचवलं.

तिथे एक तरुण डॉक्टर होते. वर्षा बाहेर सासरी फोन करत होती. सुमन उशाशी होती, महेशराव पायाशी. अंगात आम्ही सकाळी दिलेला शर्ट, त्यावर कपाळाचं रक्त.

"काका, कसं झालं?"

"पडलो."

"कुठून?"

मी महेशरावांकडे पाहिलं. ते खाली बघत होते.

"घरी. जिन्यावरून."

डॉक्टरांनी पेन थांबवलं. "काका, तुमच्या केसात काच हाय. जिना काचेचा हाय का?"

सुमन म्हणाली, "साहेब, हाय तसंच लिहा, आमी..." मी तिचा हात दाबला. जोरात दाबला, तिच्या दोन बांगड्या वाढल्या.

"गाडीचं असंल तर पोलिसांना कळवावं लागतं," डॉक्टर म्हणाले. "ते तुमच्याच कामाला येतं पुढं. म्हणून परत विचारतो."

"जिन्यावरूनच, साहेब."

त्यांनी लिहिलं. खाली माझी सही आहे, नातेवाईक म्हणून सुमनची आहे. माझी सही अगदी सुवाच्य आली आहे. एवढ्या दुखण्यात इतकी चांगली सही कशी आली, हे मला आजही कळत नाही.

माझ्या डोक्यात तेव्हा एवढंच होतं, की या महिन्यात ज्याला आपण देव मानून वाण दिलं त्याला संध्याकाळी ठाण्याच्या बाकावर कसा बसवायचा. आणि वर्षाला त्याच घरात नांदायचं होतं. कुणी मला खोटं बोल म्हणालं नव्हतं.

चौदा दिवस

दवाखान्यात चौदा दिवस होतो. पायात धातूची एक पट्टी, सात स्क्रू. सकाळी सहाला मावशी खोली पुसायच्या, आठला चहा, अकराला ड्रेसिंग. ड्रेसिंगच्या आधीचा तास सगळ्यात वाईट. बँडेज सोडताना मी छताच्या फरश्या मोजायचो. आडव्या नऊ, उभ्या बारा, एक फुटलेली.

अंथरुणातल्या मोठ्या माणसाला शौचाला भांडं लागतं. सुमन ते न बोलता करायची. पहिल्या दिवशी मी तोंड भिंतीकडे केलं, तर म्हणाली, "आता कावून लाजता? लाजायचं तिथं लाजला न्हाईत." त्या चौदा दिवसांत त्या विषयावर ती एवढंच बोलली.

मावशी चांगल्या होत्या. माझी उशी भिंतीच्या सावलीत सरकवायच्या, न सांगता. मला वाटतं त्या दिवसांत माझ्यावर कुणी उपकार केले असतील तर ते एवढेच, दोन वीत उशी.

महेशराव रोज यायचे. पहिलं बिल त्यांनी भरलं, ते मी लपवणार नाही. म्हणायचे, "मामा, तुमी फक्त बरे व्हा. बाकी माझ्यावर." मनापासून म्हणत होते. पगार तुटपुंजा आणि पायाचं दुखणं किती दिवस चालणार याचा अंदाज त्यांना नव्हता, मलाही नव्हता.

घरी आल्यावर सहाव्या आठवड्यात जखम पाझरायला लागली. पुन्हा बीड, पुन्हा तीच खोली, फुटलेली फरशी तशीच. आतलं सगळं काढलं, धुतलं, पाय आणखी दोन महिने सळ्यांच्या पिंजऱ्यात ठेवला. महेशरावांचं येणं आठवड्यावर गेलं, मग फोनवर, मग फोन वर्षाच करायला लागली.

पिंजरा निघाल्यावर व्यायाम सुरू झाला. वर्षाची शाळेतली कंपासपेटी कपाटात होती. त्यातला कोनमापक गुडघ्याला लावून मी रोज कोन लिहायचो. अठ्ठावीस, एकतीस, चाळीस. मला आशा होती, कारण आकडा चढत होता. पंचावन्नला तो थांबला. उकिडवं बसायला सव्वाशेच्या पुढे लागतात. डॉक्टर म्हणाले, "हाड नीट भरलं की पुढं गुडघा बदलावा लागंल. तोवर वजन उचलायचं न्हाई." तोवर म्हणजे किती, असं विचारलं. त्यांनी आकडा सांगितला नाही.

मी प्रमाणित वजनांची पेटी खाटेखाली सारली. सुमन शिवणाची कामं घ्यायला लागली.

पहिला कागद

पुढचं ऑपरेशन आणि बुडालेला धंदा, दोन्हींसाठी एकच वाट दिसत होती, अपघाताचा दावा. ती मला एका गिऱ्हाइकाने सुचवली. मी बीडला वकिलांकडे गेलो. फाईल नेली होती. एकशे त्रेचाळीस कागद, प्रत्येकावर कोपऱ्यात क्रमांक, पुढे यादी.

वकीलसाहेबांनी यादी पाहिली. "असा पक्षकार मिळत नाही हो," ते म्हणाले. मला बरं वाटलं. खूप दिवसांनी बरं वाटलं होतं. मग त्यांनी एक नंबरचा कागद काढला, वाचला आणि माझ्यापुढे सरकवला.

"घराला जिना आहे तुमच्या?"

"नाही."

मग त्यांनी गाडीचे कागद विचारले. विम्याची प्रत माझ्याकडे होती, वर्षाने मोबाईलवर पाठवली होती. ती वाचून म्हणाले, "हा पूर्ण विमा आहे. आत बसलेल्यांनाही यातून भरपाई मिळू शकते. जावयाच्या खिशातून काही जायचं नव्हतं. फिर्याद झाली असती तर त्याच दिवशी जामीन होऊन जावई रात्री घरी जेवला असता. कशाला खोटं बोललात?"

दावा म्हणजे जावयावर दावा, असंच मी धरून चाललो होतो. कुणाला विचारलं नाही. काट्याबद्दल शंका आली तर मी तीनदा वजन करतो.

ते म्हणाले, उशिरा फिर्याद देता येते. उशीर का झाला ते सांगावं लागतं. दाव्याला मुदत असते आणि तिच्यावरूनही वाद होतात, म्हणून एक दिवसही घालवू नका. पण साक्षीदार हवा. पत्नीची सही त्याच खोट्या कागदावर आहे. राहिले जावई आणि मुलगी.

बॉनेट

आधी मी रफिककडे गेलो. वडवणीतच त्याचं गॅरेज आहे, गाडी त्यानेच ओढून आणली होती. कुबड्या बघून त्याने बसायला टायरवर फळी टाकली.

"रफिक, त्या दिवशी गाडीत काय दिसलं व्हतं?"

"काय दिसणार चाचा. डाव्या सीटवर रक्त. मीच धुतलं, दोन बालट्या लागल्या."

"हे लिहून देशील?"

तो हात पुसत राहिला. "देतो की. खरं हाय ते. पण तुमाला म्हाईत न्हाई का? जावईबापूंनी विमा कंपनीला लिहून दिलंय, गाडीत एकलाच व्हतो म्हणून. गाडीचा क्लेम तर कवाच पास झाला. नवं बॉनेट, नवी काच. तीन हप्त्यात गाडी गेली पळत."

तीन आठवड्यांनी मी अजून भांड्यावर होतो. गाडी माझ्या आधी बरी झाली.

महेशरावांना बोलावलं. आले. खुर्चीच्या टोकावर बसले, चहा घेतला नाही. मी सगळं सांगितलं. शेवटी म्हणालो, "तुमी फक्त खरं लिहून द्या."

"मामा, आता खरं लिहिलं तर मी खोटा ठरतो. कंपनी माझ्यावर फसवणुकीची केस करंल. माझी नोकरी कच्ची हाय, तुमाला म्हाईत हाय."

"मग एकलाच व्हतो असं कावून लिहिलं?"

"तुमी जिन्यावरून पडला म्हणून सांगून बसला व्हता. मग गाडीत तुमी कुठून आणू? तुमच्या कागदाला जुळंल असंच लिहिलं." मग हळू म्हणाले, "मी म्हणलं व्हतं का मामा, खोटं सांगा म्हणून? मी तर त्या दिवशी ठाण्यात जायची तयारी करून उभा व्हतो."

कदाचित असतीलही. ते खाली का बघत होते हे मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं.

पिशवी

चौथ्या दिवशी दुपारी वर्षा एसटीने एकटी आली. हातात एकच पिशवी. पिशवी लहान होती, पण तिने ती कोपऱ्यात न ठेवता कपाटात ठेवली, त्यावरून सुमनला कळलं.

"आप्पा, मी देते जबाब. मी व्हते गाडीत."

मी म्हणालो, "तू परत जा. मी बघतो काय ते. एखादा कागद काढू दुसरा."

"ते म्हणलेत, जबाब दिलास तर इकडं येऊ नको."

"म्हणून म्हणतोय, जा. मी वकिलाला सांगतो, मुलगी गाडीत नव्हती."

सुमन मशीनवर बसली होती. तिने पायडल थांबवलं. "परत? एकदा समद्यांच्या वतीनं तुमी बोलला. माझा हात दाबून बोलला. आता तिच्या वतीनं बोलू नका. तिला तोंड हाय."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं ठाण्यात गेलो. अंमलदार त्याच भागातले, बोलायला फटकळ.

"इतक्या महिन्यांनी आठवण झाली व्हय? का पैशाचं कळल्यावर?"

"पैशाचं कळल्यावर," मी म्हणालो. खरं तेच होतं.

त्यांनी मान वर केली. मग कागद ओढला. "बसा. पाय लांब करून बसा. आता पहिल्यापास्नं सांगा, आन् जिना-बिना मधी आणू नका." वर्षाचा जबाब वेगळा घेतला. तिने चार जांभयाही सांगितल्या. मला वाटलं होतं त्या मी एकट्यानेच मोजल्या.

आज

हे लिहिताना दावा दाखल होऊन आठ महिने झाले आहेत. चार तारखा पडल्या. कंपनीच्या वकिलांनी एक नंबरचा कागद वाचून दाखवला आणि मला विचारलं, "तेव्हा खोटं बोललात की आता?" मी म्हणालो, तेव्हा. ते म्हणाले, हे आम्ही कशावरून मानायचं? त्यांच्या जागी मी असतो तरी हेच विचारलं असतं. एकदा खोटा निघालेला काटा मीही बाजूला ठेवतो.

कंपनीचा माणूस घर बघायला येऊन गेला. चारी बाजूंनी फिरला, पत्र्यांचा फोटो काढला. जाताना म्हणाला, "जिना न्हाई हे लिहितो. पण जिना न्हाई म्हणजे गाडी व्हती असं व्हत न्हाई, काका." चांगला माणूस होता. माझ्या वकिलांनाही फार आशा दिसत नाही. मी सरळ विचारलं, तर म्हणाले, "लढू." आकडा त्यांनीही सांगितला नाही.

महेशरावांना कंपनीची नोटीस गेली आहे. वर्षाला घ्यायला कुणी आलं नाही. फोन आला होता, कपडे कुठे पाठवायचे ते विचारायला. तिचा संसार मोडू नये म्हणून मी एक ओळ खोटी सांगितली. त्या ओळीने पाय गेला, धंदा गेला आणि संसारही वाचला नाही. मला कुणी धीर द्यायला लागलं की मी विषय बदलतो. यात धीर धरण्यासारखं काय आहे ते मला दिसत नाही.

ज्यांचं अजून हातात आहे त्यांच्यासाठी लिहितो. डॉक्टरांनी विचारलं की झालं तसं सांगा, गाडी कुणाचीही असो, जावयाची असली तर नक्की सांगा. पोलिसात नोंद झाली का ते त्याच दिवशी विचारा, नक्कल मागा. गाडी हलवण्याआधी फोटो काढून ठेवा, आपण नाही तर बघ्यांपैकी कुणी काढले असतील त्यांचा नंबर घ्या. 'सगळा खर्च मी करतो' असं कुणी म्हणालं तर त्याचे आभार माना आणि तरीही नोंद करा. तो माणूस खोटा नसतो, त्याला पायाचा हिशोब माहीत नसतो. बिलं जपून ठेवा, पण एवढंही लक्षात असू द्या की माझ्याकडे एकशे बेचाळीस कागद खरे आहेत.

आणि आपल्या माणसाचा हात दाबू नका.

संध्याकाळी वर्षा कोनमापक लावते. मला आता वाकून नीट दिसत नाही, म्हणून आकडा तीच बघते आणि वहीत लिहिते. दाव्याच्या आधीपासून पंचावन्नच आहे. काल तिने बराच वेळ गुडघ्यावर हात ठेवला. मग म्हणाली, "साठ झाले, आप्पा."

मी मान वाकडी करून पाहिलं. कोन जिथे होता तिथेच होता. ती वहीत बघत होती, माझ्याकडे नाही. दवाखान्यात महेशराव बघत होते तशी, खाली.

"हाय तेवढंच लिही, बाई," मी म्हणालो.

तिने साठ खोडले, पंचावन्न लिहिले, आणि पेटी मिटली.